दुसरा मोजणारा

सर गेल्याची बातमी मला व्हॉट्सॲपवर मिळाली आणि ती मी खरी धरली नाही. 'भूगोलाचे बोराटे सर यांचे दुःखद निधन' एवढी एकच ओळ, खाली जोडलेले हात, वर 'अनेकदा पुढे पाठवलेला' अशी खूण. कुणी लिहिलं, पत्ता नाही. कधी गेले, कशानं गेले, काही नाही. मी इंदापूरच्या स्टँडवर बारामतीच्या गाडीची वाट बघत होते. बघता बघता चार ग्रुपवर तीच ओळ आली आणि डोक्यात सरांचाच आवाज वाजला, "चार ठिकाणी आलं म्हणजे चौघांनी पाहिलं असं नव्हे. एकानं तरी पाहिलंय का, ते बघ." म्हणून मी हात जोडायच्या आधी त्यांच्या घरी फोन लावला. दीड वर्षात त्या नंबरवर मी फोन केला नव्हता. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, उचलला. "काकू, एक मेसेज आलाय..." एवढंच बोलले. काकू म्हणाल्या, "खरं आहे गं. पहाटे गेले. छातीत दुखलं. मी शेजारीच होते." मग म्हणाल्या, "सकाळपासून सगळे हात जोडतायत. खरं का म्हणून विचारणारी तू पहिली."

हा लेख मी भक्तीनं लिहीत नाही, हे आधीच सांगते. सरांच्या विरोधात मी पत्रक काढलं होतं. 'भूगोलाचे मास्तर कुणाचे? कामगारांचे की कंपनीचे?' असा त्याचा मथळा. डेपोपासून मार्केट यार्डापर्यंत ते मी स्वतःच्या हातानं वाटलं, एक प्रत त्यांच्या दारातही सरकवली. सरांनी त्यावर एक शब्द काढला नाही. गप्प बसणारा माणूस दोषी असतो, असं तेव्हा माझं मत होतं. आता ते कायमचेच गप्प झाले आणि माझा प्रश्न तसाच राहिला. सहा आठवडे मी त्याच्याच मागं आहे. जे सापडलं ते लिहिते, जे सापडलं नाही तेही लिहिते. दुसरं न लिहिता पहिलंच लिहिणं ही लबाडी, हेही त्यांनीच शिकवलेलं.

मी इंदापूर तालुक्यातली. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती, आता डाळिंबाची बाग आहे आणि भाऊ पिकअप चालवतो. एम.ए.ला बारामतीत आले तेव्हा मी आधीच चळवळीत होते आणि पत्रकं लिहीत होते. पत्रकाला पहिल्या ओळीत शत्रू लागतो आणि तिसऱ्या ओळीत आकडा लागतो, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. आकडा कुठून आणायचा हा प्रश्नच कधी पडला नव्हता. आकडा इंटरनेटवर असतो. आर्थिक भूगोलाच्या प्रात्यक्षिकात इंटरनेटवरून माहिती शोधणं आणि आपल्या भागाची आकडेवारी हाताळणं असा भाग होता आणि तो बोराटे सर शिकवत. वर्गातल्या सगळ्यांना वाटलं, फुकटचे मार्क.

पहिल्या दिवशी सरांनी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत एकही कॉम्प्युटर लावू दिला नाही. हिशेबनीस वाटावा असा माणूस, बुटका, खिशात शेंगदाण्याची पुडी. म्हणाले, "फोन काढा. भिगवणच्या बाजारात रोज किती मासळी येते, सांगा." दोन मिनिटांत सगळ्यांनी आकडा काढला आणि सगळ्यांचा एकच आला. सर म्हणाले, "वा! आता कोणी मोजली ते सांगा." मग दोन तास आम्ही तो आकडा उलटा चालवत नेला. सहलीच्या एका साइटनं तो दुसऱ्या साइटवरून उचललेला, तिनं एका बातमीतून, आणि बातमीत लिहिलेलं, 'जाणकारांच्या मते'. तिथं वाट संपली. "जाणकार उद्या भेटतील," सर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आम्हाला भिगवणला घेऊन गेले.

तिथं लिलाव चाललेला. बर्फाचं पाणी पायाखाली, क्रेट एकावर एक. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला सरांनी तो आकडा वाचून दाखवला आणि विचारलं, "तात्या, हे कुणी मोजलं?" तात्या हसायलाच लागले. "हितं मोजाय कुणाला येळ हाय, मास्तर? मासा इकायचा का मोजायचा?"

"मग पेपरात कसं आलं?"

"आलं आसंल. एक जण आलता फटफटीवर. मासं खाल्लं, ढेकर दिला, म्हणला किती येत्यात रोज? म्या म्हणलं, लई. त्यो म्हणला, लई म्हंजी किती? मग दिला एक सांगून. पाव्हण्याला न्हाय कसं म्हणायचं?"

'पाव्हण्याला न्हाय कसं म्हणायचं' ही आमच्या वर्गाची म्हण झाली. कुणाच्या प्रोजेक्टमध्ये गुळगुळीत आकडा दिसला की मागून कुणीतरी ती टाकायचं. आणि त्या दिवसापासून जन्मदाखले सुरू झाले. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून सरांनी चिठ्ठ्या केलेल्या. जो आकडा वापराल त्याला एक चिठ्ठी. तिच्यावर चार प्रश्न: कोणी मोजलं? कुठं उभं राहून? कुणासाठी? आणि त्याला काय दिसलं नाही? सर्व चिठ्ठ्यांचे फोटो वर्गाच्या एका इंटरनेटवरच्या फोल्डरमध्ये टाकायचे आणि ते फोल्डर सगळ्यांना उघडं ठेवायचं. "आपलं तपासायला शत्रू आला तरी त्याला खुर्ची द्यायची," सर म्हणायचे. मला हे तेव्हाही पटलं नाही. शत्रूला खुर्ची दिली की तो बसतो, एवढं चळवळीतलं पोरगंही सांगेल.

पाचवा प्रश्न आमच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी घातला. झालं असं, की सर एकदा कुठल्याशा सर्वेक्षणाला आमच्या गावात आले आणि चहाला घरी थांबले. आबांना सहज विचारलं, "आबा, मेंढरं कशी मोजायचा?" आबांना कुणी असं विचारून कैक वर्षं झाली असतील. त्यांनी अंगणातच दाखवायला सुरुवात केली. वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, तिला एक बारकं तोंड ठेवायचं. सांजच्याला एकेक मेंढरू त्यातून आत सोडायचं. तोंडाच्या एका अंगाला आबा, दुसऱ्या अंगाला आजी. दोघांनी मनात मोजायचं, बोलायचं नाही. सर उठले ते आबांना गाडीवर बसवूनच निघाले असते. पुढच्या आठवड्यात खरंच त्यांना कॉलेजात घेऊन आले. पटक्यातले आबा आणि समोर आम्ही. मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं, खोटं कशाला बोलू. सरांनी पडद्यावर उपग्रहाचं चित्र लावून आमची वस्ती दाखवली. आबा जवळ जाऊन बघत राहिले. म्हणाले, "वरनं समदं दिसतंय. पर झाडाखालचं ऱ्हातंय की, मास्तर." वर्ग हसला. सर हसले नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "आणि तुमचा आणि आजींचा आकडा जुळला नाही तर?"

"तर काय! मेंढरं परत भाईर काढायची."

"कुणाचा खरा, यावर भांडण?"

"भांडून कोकरू गावतंय व्हय?"

त्या संध्याकाळी चिठ्ठीवर पाचवी ओळ आली: दुसरा मोजणारा कोण? ती ओळ कोरी असेल तर तो आकडा वर्गात बोलायचा, पण बाहेर न्यायचा नाही, असा नियम झाला.

आता माझ्या आकड्याकडं येते. एमआयडीसीत कामाला येणाऱ्या बायकांचा आमचा प्रश्न होता. इंदापूरच्या बाजूच्या गावांतून कितीतरी बायका सकाळच्या पाळीला येतात, भावाच्या, दिराच्या, शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून. त्यात एक सुरेखाताई. एका मोठ्या कंपनीत पॅकिंगला. तिच्या दिराची पाळी बदलली की तिचा खाडा. दीर रुसला की खाडा. "माझी नोकरी माझ्या हातात न्हाय, दिराच्या किकमदी हाय," असं ती म्हणायची. मागणी साधी होती: कंपनीनं सकाळी त्या बाजूनं बस सोडावी. मी पत्रक लिहिलं. तिसऱ्या ओळीला आकडा हवा होता. एका सकाळी एका गेटवर उभी राहिले, डोळ्यांनी अंदाज घेतला, एमआयडीसीत गेटं किती त्याच्याशी गुणलं, संतापानं थोडं वर ढकललं आणि छापलं. तो आकडा मी इथं लिहीत नाही. लिहिला की पुन्हा चालायला लागेल.

कारण तो चाललाच. पत्रक व्हॉट्सॲपवर फिरलं, एका बातम्यांच्या साइटनं घेतलं, तिथून कुठल्यातरी सल्लागार मंडळींच्या अहवालात गेला, तिथून आणखी एका साइटवर. तोवर मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, प्रोजेक्टचा विषय हाच. संदर्भ शोधायला बसले तर माझा आकडा तीन ठिकाणी! इतका आनंद झाला. मी बरोबर होते. तीन तीन जण तेच म्हणतायत. प्रोजेक्टमध्ये मी ते तिन्ही संदर्भ छातीठोक दिले.

सर म्हणाले, "पत्रकवाली, तिसरा संदर्भ पडद्यावर उघड. आणि कुठून आला ते बघत मागं जा." मला पत्रकवाली ते पहिल्या दिवसापासून म्हणायचे. सगळा वर्ग बघत होता. मी एकेक दुवा दाबत मागं गेले. साइटवरून अहवालावर. अहवालावरून बातमीवर. बातमीच्या तळाला एक चित्र होतं, ते दाबलं आणि पडद्यावर, हाताएवढ्या अक्षरांत, माझंच पत्रक उघडलं. मागून कुणीतरी म्हणालं, "पाव्हण्याला न्हाय कसं म्हणायचं..." सगळे हसले. सर म्हणाले, "दाखला लिही." आणि मी उभ्या उभ्या लिहिला. कोणी मोजलं: मी. कुठं उभं राहून: एका गेटवर, एक सकाळ. कुणासाठी: पत्रकासाठी. काय दिसलं नाही: बाकी सगळं. दुसरा मोजणारा: नाही. त्या चिठ्ठीचा फोटो नियमाप्रमाणे फोल्डरमध्ये गेला. नंतर जिन्यात मी सरांना गाठलं. म्हणाले, "सर, एकटीला बोलावून सांगता आलं असतं." ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तू माझ्याशी भांडली असतीस. पडद्याशी भांडता येत नाही." मला विचाराल तर अजूनही वाटतं, ते क्रूर होतं.

तरी लढा थांबला नाही. बसच्या मागणीचं दुसरं पत्रक मी काढलं. पुढं महिन्याभरात कंपनीनं आम्हाला चर्चेला बोलावलं. सुरेखाताई, आणखी चौघीजणी आणि मी. कंपनीच्या अधिकाऱ्यानं नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि मग फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढं सरकवला. माझी चिठ्ठी. माझ्याच अक्षरात. 'काय दिसलं नाही: बाकी सगळं.' तो म्हणाला, "मॅडम, तुमचं तुम्हालाच माहीत नाही तर आम्ही बस कशाच्या जोरावर सोडायची?" बाहेर आल्यावर सुरेखाताई माझ्याकडं न बघता म्हणाली, "ताई, तुझ्या एका आकड्यापायी आमची बस गेली बघ." आणि दिराच्या मागं बसून निघून गेली.

ती चिठ्ठी कंपनीच्या हातात कशी गेली? मला उत्तर शोधावंच लागलं नाही, ते आधीच तयार होतं. सरांना एमआयडीसीत जाताना लोकांनी पाहिलेलं. त्याच कंपनीच्या गेटवर पाहिलेलं. आणि सर कधीच आमच्या बाजूनं उघड उभे राहिले नव्हते. "मी मोजतो. बाजू तुम्ही घ्या," हे त्यांचं वाक्य मला कायम पळपुटेपणाचं वाटत आलं. दोन आणि दोन मी चार केले आणि पत्रक छापलं. त्याचा जन्मदाखला मी लिहिला नाही. तेवढं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

सर निवृत्त झाले, मी निरोपाच्या कार्यक्रमाला गेले नाही. मग एकदम तो मेसेज.

शोकसभेला गेले. मागं उभी राहिले. सरांनी पन्नास गावं पायी पालथी घातली, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, त्यांना सगळ्या तालुक्याची आकडेवारी तोंडपाठ होती. साफ खोटं; सर साधा स्वतःचा फोन नंबर वहीत बघून सांगायचे. मरण आलं की माणसाभोवतीही असे 'जाणकारांच्या मते' जमा होतात. मी ते सगळं सोडून दिलं असतं. पण मग तोच अधिकारी उठला. हार घातला आणि म्हणाला, "बोराटे सर आमचे मार्गदर्शक होते. बससेवेची गरज नाही, हे आम्हाला त्यांच्याच अभ्यासातून समजलं." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाचा भडका झाला. आणि त्यात, लाज वाटते लिहायला, एक समाधानही होतं. बघा, माझं पत्रक खरं होतं. हे खरं असेल तर सर विकले गेले होते. हे खोटं असेल तर मेलेल्या माणसाच्या तोंडून सुरेखाताईची बस दुसऱ्यांदा नाकारली जात होती. दोन्हीपैकी एक काय ते कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हती.

तेराव्यानंतर काकूंकडं गेले आणि सरळ विचारलं, "काकू, सर कंपनीत जायचे का?"

"जायचे. महिन्यातून एकदा तरी."

"कशाला?"

काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलेल्या बाई. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मी बायको. मी चांगलंच सांगणार. घरच्या माणसाची साक्ष धरू नये, हे तुला त्यांनी नाही शिकवलं? जा, गेटवर विचार."

गेले. वॉचमन म्हातारा, आमच्याच बाजूचा निघाला. मी आबांचं नाव सांगितलं तेव्हा जरा मोकळा झाला. "व्हय, यायचं की मास्तर. शेंगदाणं द्यायचं मला. पर आत न्हाय गेलं कदी. सायेबाला निरोप धाडायचा, वरनं न्हाय म्हनून यायचं, मग जायचं माघारी."

"कधीच आत गेले नाहीत?"

"आता समदंच कुठं ध्यानात ऱ्हातंय, बाय? वहीत आसंल बग. पर फोटू न्हाय काढायचा."

येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही त्यानं खिडकीत ठेवली. मी उभ्यानं पानं उलटली. सरांचं अक्षर ओळखायला मला दाखला नको. महिन्या-महिन्याला एक ओळ. काम: गाववार हजेरी मिळणेबाबत. आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ यांत दहा मिनिटं, कधी पाच. म्हणजे कोणत्या गावातून किती बायका कामाला येतात, ही यादी ते कंपनीकडं मागत होते आणि कंपनी दर वेळी नाही म्हणत होती. मार्गदर्शकाला कुणी गेटवरून पाच मिनिटांत परत पाठवत नाही. मात्र एका ओळीत त्या दोन वेळांत तासाभराचं अंतर आहे. वॉचमनला आठवत नाही. त्या तासात सर कुणाला भेटले, काय बोलले, काय दिलं, मला माहीत नाही. अधिकाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "चांगली चर्चा झाली." मी ते धरत नाही. तो तास मी कोरा सोडते. ज्यांना सरांचा फोटो देव्हाऱ्यात लावायचा आहे त्यांनी तो भरावा.

मग काकूंनी खोकं दिलं. चपलांचं जुनं खोकं, दोरीनं बांधलेलं. वर सरांनी लिहिलेलं, 'गेट'. आत चिठ्ठ्या. निवृत्तीनंतर रोज सकाळी सर एमआयडीसीच्या गेटांवर उभे राहत होते. आज एक गेट, उद्या दुसरं. कोणी मोजलं: स्वतः. कुठं उभं राहून: चहाच्या टपरीच्या डाव्या अंगाला, जिथं गतिरोधकावर मोटरसायकली हळू होतात. वाघरीचं तोंड! कुणासाठी: अजून ठरलं नाही. काय दिसलं नाही: 'रेनकोट घातलेल्यांत बाई-पुरुष कळत नाही.' 'दोन बायका एका गाडीवर, तिसरी असल्यास दिसली नाही.' 'आज चष्मा विसरलो, ही मोजणी रद्द.' मी पलंगावर बसून सगळ्या वाचल्या, बेरजा केल्या. त्यांचा आकडा माझ्या आकड्यापेक्षा बराच लहान निघाला. पण तो एका बसमध्ये मावणारा नव्हता.

म्हणजे सभेत तो अधिकारी खोटं बोलला. हे त्या दिवसापासून मी ठिकठिकाणी सांगते आहे आणि इथंही सांगते. बसची गरज नाही असं सरांच्या अभ्यासात कुठंही नाही. पण अभ्यास त्यांनी बाहेर का काढला नाही? कारण प्रत्येक चिठ्ठीवर पाचवी ओळ कोरी. दुसरा मोजणारा नाही, म्हणून आकडा बाहेर न्यायचा नाही. स्वतःच घातलेल्या नियमात हा माणूस स्वतः अडकून बसला आणि तिकडं सुरेखाताईचे खाडे पडत राहिले. याचा मला राग आहे. तो मेल्या माणसावर धरू नये म्हणतात. मी धरते.

सगळ्यात शेवटच्या चिठ्ठीवर मात्र पाचवी ओळ कोरी नाही. तिथं पेन्सिलीनं एकच शब्द आहे: 'विचारावं.' कुणाला, ते लिहिलेलं नाही. मला वाटतं... पण वाटण्याला दाखला नसतो.

खोक्याच्या तळाशी माझी तिन्ही पत्रकं होती, घडी घालून. सरांच्या विरोधातलं उलगडलं, त्यावर एकही खूण नाही. चूक शोधायची सवय असलेल्या माणसानं त्यावर पेन्सिलसुद्धा टेकवली नव्हती. मधलं उलगडलं. बसची मागणी करणारं, कंपनीच्या चर्चेच्या आधी आम्ही वाटलेलं. त्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती आणि तिच्याखाली पेन्सिलीची रेघ. 'आमचे पुरावे सर्वांसाठी खुले! येथे पाहा', आणि पुढं वर्गाच्या फोल्डरचा दुवा. मीच टाकलेला. बायकांच्या मुलाखती त्या फोल्डरमध्ये होत्या म्हणून मी तो मोठ्या तोऱ्यात छापला, आणि त्याच फोल्डरमध्ये माझी ती चिठ्ठीही आहे हे विसरले. ते पत्रक कंपनीच्या टेबलावर मी स्वतः नेऊन ठेवलं होतं. शत्रूला खुर्ची सरांनी दिली नव्हती. मी घरी नेऊन दिली होती.

सरांना हे तेव्हाच कळलं होतं. रेघ सांगते. एक फोन करून "पत्रकवाली, तुझ्या पत्रकाची शेवटची ओळ वाच" एवढं म्हटलं असतं तर मी त्यांच्या दारात ते विषारी पत्रक सरकवलं नसतं. का नाही म्हटलं? काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, ते तुझ्या येण्याची वाट बघतायत. पण मी बायको." आणि चहा ठेवायला उठून आत गेल्या.

त्यांनी मला पडद्यापुढं उभं केलं ते क्रूर होतं, असं मी वर लिहिलंय. पण हे गप्प राहणं त्याहून क्रूर होतं, आणि ते मीच मागून घेतलेलं होतं. दोन्ही खरं असू शकतं.

गेल्या सोमवारी मी पहाटे त्या टपरीच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले. उजव्या अंगाला काकू, स्वेटर, पायात बूट, हातात सरांची शिल्लक राहिलेली एक कोरी चिठ्ठी; तशीच एक माझ्या हातात. काकू स्वतःहून म्हणाल्या होत्या, "मला मुलं मोजायची सवय आहे. सहलीला नेलेलं एकही पोर कधी हरवलं नाही माझं." टपरीवाला म्हणाला, "मास्तर हितंच उभं ऱ्हायचं," आणि त्यानं न मागता स्टूल काढून दिलं. काकू बसल्या नाहीत. मोटरसायकली यायला लागल्या. गतिरोधकावर हळू होत, एकेक. मी मनात मोजत होते, ओठ न हलवता. सुरेखाताई आली, दिराच्या मागं, मला बघितलं आणि ओरडली, "काय गं ताई, परत?" आणि पुढं जाता जाता, "निदान आमाला दोनदा मोजू नगं!"

पाळीचा भोंगा झाला. रस्ता रिकामा झाला. मी आणि काकू टपरीच्या बाकावर समोरासमोर बसलो आणि चिठ्ठ्या एकदम उलट्या केल्या.

जुळल्या नाहीत. तिघींचा फरक.

"आता?" काकू म्हणाल्या. "तुझा खरा का माझा?"

"दोन्ही नाही, काकू."

त्यांनी शेंगदाण्याची पुडी काढली. माझ्यापुढं धरली. आम्ही शेंगदाणे खाल्ले. मग त्यांनी पेन उघडलं, माझ्या चिठ्ठीवर 'रद्द' लिहिलं, आणि त्याच चिठ्ठीच्या पाचव्या ओळीवर सावकाश, फळ्यावर लिहावं तसं, आपलं नाव लिहिलं.

"उद्या सहा वाजता," म्हणाल्या. "गाडी चुकवू नको."